बोरघाटातील ताप आणि पेशीच्या दारावरची साखर (थ्रेड)

१/
पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळा सोडते, खंडाळा मागे पडतो आणि डबे एकामागून एक बोगद्यांत शिरू लागतात. हाच बोरघाट. १८५६ ते १८६३ या आठ वर्षांत हा लोहमार्ग खोदताना किती माणसे मेली असतील? भारतीय रेल्वेच्या बांधणीचे इतिहासकार इयान केर यांचा अंदाज सुमारे २५,००० चा आहे. सुरुंगाने, दरडीने, कड्यावरून पडूनही माणसे गेली. पण बहुतेकांना नेले ते रोगाने.

२/
पटकी, हगवण आणि ताप ही त्या रोगांची नावे. घाटाची हवाच वाईट, असे त्या काळी ठामपणे सांगितले जाई. हवेत काहीच नव्हते, हे पुढे सिद्ध झाले. मग रोग शरीरात नेमका कुठून शिरत होता? या प्रश्नाचे अखेरचे उत्तर विसाव्या शतकाच्या शेवटी मिळाले, आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर सापडले: प्रोटिओग्लायकॅन नावाच्या रेणूंत. पण त्या उत्तराने घाटातील मृत्यूंची जबाबदारी हलकी होत नाही. उलट अधिक स्पष्ट होते. ते कसे, याची ही हकिकत.

३/
आधी घाट. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे गाडी धावली आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची नजर सह्याद्रीकडे वळली. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणायचा तर घाट ओलांडणे भाग होते. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला मार्ग सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटर चढणारा होता. २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल, आणि काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट अशी चढण. मध्यंतरी गाडीची दिशा उलटवण्यासाठी एक स्वतंत्र स्थानकही बांधावे लागले.

४/
काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरचा सपाट टप्पा तुलनेने सोपा होता. खंडाळ्यापासून मावळातून पुण्यापर्यंतची गाडी जून १८५८ मध्येच चालू झाली. मधला घाट मात्र तुटलेला राहिला. खोपोलीपर्यंत गाडीने यायचे, तेथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे, असा तेव्हाचा प्रवास होता. प्रवासी ज्या घाटातून कसाबसा वर चढे, त्याच घाटाच्या कड्यांवर हजारो मजूर दिवसभर पहार मारत असत.

५/
कातळ काळा आणि कठीण. सुरुंगाची भोके पाडायला माणसे दोराने कड्यावर सोडली जात. पहार पुरुषाच्या हाती, तर मातीची पाटी बाईच्या आणि पोराच्या डोक्यावर. देशावरून आणि कोकणातून कुटुंबेच्या कुटुंबे कामावर आली होती. १८६१ च्या आरंभी, ऐन हंगामात, घाटात ४२,००० पर्यंत मजूर होते. त्या काळच्या मावळात एवढी वस्ती असलेले एकही गाव नव्हते. म्हणजे डोंगरउतारावर एक अख्खे शहर उभे राहिले होते. फक्त त्या शहराला पाणीपुरवठा नव्हता, शौचकूप नव्हते आणि धड छप्परही नव्हते.

६/
या प्रदेशाचे पाणी विचित्र. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात तेथलेच झरे आटतात. पावसाळ्यात घाटातले काम बहुतेक थांबे. खरा हंगाम दिवाळीनंतर ते मृगापर्यंतचा. म्हणजे पाणी जितके कमी होत जाई, तितकी माणसे वाढत जात. हजारोंनी पिण्यासाठी, धुण्यासाठी आणि इतर विधींसाठी त्याच ओहोळांचा, त्याच डबक्यांचा आधार घ्यायचा. पटकीला याहून चांगली सोय कुणी करून दिली नसती.

७/
मजूर मुकाट सोसत राहिले, असेही नाही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली आणि तीत एक युरोपीय माणूस मारला गेला. चौकशी झाली. कंत्राटदार विल्यम फेव्हिएल यांच्याकडून काम गेले. पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, मालक आणि मजूर यांच्यातील मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा झाला. त्यामागच्या कारणांत बोरघाटातील हा उठावही होता. मजुरीचा प्रश्न कायद्यापर्यंत पोहोचला. पाण्याचा पोहोचला नाही.

८/
रोग मजुरांपुरताच थांबला नाही. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इंग्लंडहून मुंबईस उतरले आणि काही आठवड्यांतच आजाराने वारले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवून तिने ते तडीस नेले. एप्रिल १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. ॲलिसचे नाव इतिहासात राहिले. पाटी वाहणाऱ्या बायांपैकी एकीचेही राहिले नाही.

९/
त्या काळचे वैद्यक या मृत्यूंकडे कसे पाहत होते? रोगाचे मूळ दूषित हवेत, कुजलेल्या पाल्याच्या वाफेत, जंगलाच्या दमटपणात आहे, हे सर्वमान्य मत होते. ‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. सरकारी नोंदींत ‘ताप’ हा एकच रकाना असे. हिवताप, विषमज्वर आणि इतर कित्येक रोग त्यातच जमा होत. हवा वाईट म्हटले की दोष डोंगराचा ठरतो, आणि डोंगरावर खटला भरता येत नाही.

१०/
तरीही दुसरे मत त्या वेळी अस्तित्वात होते, हे विसरता येत नाही. घाटाचे काम सुरू होण्याच्या दोनच वर्षे आधी, १८५४ मध्ये, लंडनमध्ये जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या पाण्याशी पटकीचा संबंध जोडून दाखवला होता आणि पंपाचा दांडा काढायला लावला होता. हिवतापावर क्विनीन १८२० पासून ठाऊक होते. पण ते महाग होते आणि भारतात सिंकोनाची लागवड १८६० च्या सुमारास नीलगिरीत नुकती सुरू होत होती. थोडक्यात, ज्ञान थोडे होते, पण अगदीच नव्हते असे नाही.

११/
घाट पूर्ण झाल्यावर एकेक उलगडा होत गेला. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हेराँ यांना हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जिवाणू वेगळा केला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला. सह्याद्रीच्या उतारावरचे संथ ओहोळ हे ॲनाफिलीस डासांच्या काही जातींचे माहेरघर आहे, हेही पुढे कळले. घाटाची ‘वाईट हवा’ म्हणजे संध्याकाळी त्या ओहोळांवरून उठणारे डास होते.

१२/
पण एक कोडे शिल्लक राहिले. डास त्वचेत जे सूक्ष्म परजीवी सोडतो, त्यांना स्पोरोझॉइट म्हणतात. ते रक्तात शिरतात आणि थोड्याच वेळात रक्तातून नाहीसे होतात. रुग्णाला ताप मात्र दहा-पंधरा दिवसांनी येतो. मधल्या काळात ते असतात कुठे? भारतात दीर्घकाळ सेवा केलेले हेन्री शॉर्ट आणि त्यांचे सहकारी सिरिल गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये उत्तर दिले: यकृतात. तेथे ते हजारोंच्या संख्येने वाढतात आणि मग तांबड्या पेशींवर तुटून पडतात.

१३/
रक्त तर सगळ्या शरीरात फिरते. मेंदू, फुप्फुस, मूत्रपिंड, स्नायू, सर्वत्र जाते. मग या परजीवीला यकृतच कसे ओळखता येते? त्याला ना डोळे, ना नाक. त्याच्यासाठी यकृताच्या दारावर एखादी पाटी असल्याशिवाय हे घडणे शक्य नाही. ती पाटी कोणती, हे कळण्यासाठी कथेला वेगळ्या वाटेने जावे लागते. ती वाट अमेरिकेतील बाल्टिमोर येथल्या एका प्रयोगशाळेतून, कुत्र्याच्या यकृतावरून जाते.

१४/
१९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. यकृताच्या अर्कात त्याला नेमका उलट गुण आढळला: रक्त गोठेचना. त्याचे गुरू विल्यम हॉवेल यांनी १९१८ मध्ये अशा पदार्थाला ‘हेपॅरिन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘हेपार’ म्हणजे यकृत. आज शस्त्रक्रियेत, डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवण्यासाठी जे हेपॅरिन टोचले जाते, ते हेच. रासायनिक दृष्टीने ते म्हणजे गंधकयुक्त, ऋण विद्युत्भार असलेल्या शर्करेची लांब साखळी.

१५/
१९४८ मध्ये, म्हणजे शॉर्ट-गार्नहॅम यांच्याच वर्षी, स्वीडनमध्ये एरिक यॉर्पेस आणि स्वेन गार्डेल यांना हेपॅरिन शुद्ध करताना त्याचा एक सौम्य भाऊबंद सापडला. त्यात गंधकाचे प्रमाण कमी होते. हेपॅरिनच्या मानाने तो निरुपयोगी, जवळजवळ गाळच. पुढे त्याला ‘हेपॅरन सल्फेट’ हे नाव मिळाले. हा गाळ जवळजवळ प्रत्येक प्राणिपेशीच्या पृष्ठभागावर असतो आणि त्याच्यावाचून प्राण्याचे शरीर घडतच नाही, हे कळायला आणखी चार दशके जावी लागली.

१६/
पेशीचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. पेशीपटलातून प्रथिनांचे दांडे बाहेर आलेले असतात आणि त्या दांड्यांना शर्करेच्या लांब साखळ्या लागलेल्या असतात. भाताच्या लोंबीसारखे हे चित्र आहे: दांडा प्रथिनाचा, लोंबलेले तुरे साखरेचे. प्रथिन आणि शर्करा यांचा हा जोड म्हणजे प्रोटिओग्लायकॅन. त्यांची दोन मोठी कुळे १९८९-९० मध्ये नावारूपाला आली. मर्टन बर्नफील्ड यांच्या गटाने ओळख करून दिलेले ‘सिंडेकॅन’ पेशीपटलाच्या आरपार जाते. गीडो डाव्हीद यांच्या गटाचे ‘ग्लिपिकॅन’ पटलाला बाहेरून चिकटलेले असते.

१७/
हे तुरे करतात काय? गर्भात पेशींना एकमेकींशी बोलावे लागते: इथे हाड व्हायचे, इथे रक्तवाहिनी, इथे थांबायचे. हा निरोप वृद्धिघटक नावाची प्रथिने नेतात. १९९१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले की, एका महत्त्वाच्या कुळातील वृद्धिघटक पेशीवरील हेपॅरन सल्फेटचा आधार नसेल, तर आपल्या ग्राहक-रेणूशी नीट जुळूच शकत नाही. निरोप दारापर्यंत येतो. पण तो हाती घेऊन आत देणारा कुणी नसतो.

१८/
फळमाशीवरील प्रयोगांनी हे आणखी ठळक केले. १९९० च्या दशकात अशी जनुके सापडली, जी बिघडली की माशीचे पंख आणि शरीराचे खंड वेडेवाकडे होत. त्यांतील एक जनुक ग्लिपिकॅनचे निघाले, तर दुसरे हेपॅरन सल्फेटची साखळी विणणाऱ्या यंत्रणेचे. त्या दुसऱ्याचा मानवी जोडीदार म्हणजे ‘ईएक्सटी-१’. २००० मध्ये उंदरांत हे जनुक पूर्णपणे निकामी करून पाहिले गेले. त्यांचे भ्रूण, शरीराचे पहिले थर पडायच्या वेळीच थांबले. साखरेचे तुरे नाहीत, तर देहही नाही.

१९/
माणसात अंशतः बिघाड झाला तर काय होते, हेही याच सुमारास कळले. ‘ईएक्सटी-१’ची एक प्रत सदोष असलेल्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर गाठी वाढतात. ग्लिपिकॅन-३ चे जनुक बिघडलेली मुले गर्भापासूनच प्रमाणाबाहेर वाढतात. हा संबंध १९९६ मध्ये उलगडला. या साखळ्या नीट मोडणारी विकरे जन्मतः नसली तर त्यांचे अवशेष पेशींत साठत जातात आणि हर्लर, हंटर यांच्या नावांनी ओळखले जाणारे गंभीर बालरोग होतात. कमी असो, जास्त असो किंवा तुंबलेले असो, हिशेब चुकला की किंमत बाळ मोजते.

२०/
आता परत परजीवीकडे. न्यूयॉर्क विद्यापीठात रूथ आणि व्हिक्टर नुसेनझ्वाइग या दांपत्याच्या गटाने १९८० च्या दशकात स्पोरोझॉइटच्या अंगावरील मुख्य आवरणाचा, सर्कमस्पोरोझॉइट प्रथिनाचा, कसून अभ्यास केला होता. १९९३ मध्ये त्याच वर्तुळातील उटे फ्रेव्हर्ट, फोटिनी सिनिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, हे प्रथिन यकृतातील ज्या वस्तूला चिकटते ती म्हणजे हेपॅरन सल्फेट असलेले प्रोटिओग्लायकॅन. पाटी सापडली होती.

२१/
पण हेपॅरन सल्फेट तर सगळीकडे असते. यकृताचेच वैशिष्ट्य काय? उत्तर मॅक्लीनच्या कुत्र्याच्या यकृताइतके जुने निघाले. यकृतातील हेपॅरन सल्फेट असामान्य गंधकसंपन्न असते, जवळजवळ हेपॅरिनसारखे. यकृतातील केशवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रे असतात आणि त्यांतून हे तुरे थेट रक्तप्रवाहात डोकावतात. २००७ मध्ये सिनिस यांच्या गटाने पुढचे दाखवले: त्वचेतील कमी गंधकाची साखळी लागली की परजीवी सरपटत पुढे जातो, भरपूर गंधकाची लागली की थांबतो, आवरण कापतो आणि पेशीत शिरतो. पत्ता साखरेत लिहिलेला असतो.

२२/
घाटातल्या बायांच्या बाबतीत हीच हकिकत अधिक क्रूर होते. हिवतापाचा सर्वांत घातक प्रकार, फाल्सिपेरम, गरोदर स्त्रीला, विशेषतः पहिलटकरणीला, अधिक छळतो, हे वैद्यांना पूर्वीपासून दिसत होते. कारण १९९६ मध्ये मिशाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी दाखवले. वार, म्हणजे गर्भाला आईच्या रक्ताशी जोडणारा अवयव, काँड्रॉइटिन सल्फेट ए या दुसऱ्या शर्करासाखळीने मढलेला असतो. परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी तिला चिकटून वारेत साचतात.

२३/
परिणाम सरळ असतो: आईला पंडुरोग, बाळाचे वजन कमी, गर्भपात किंवा मृत जन्म. चिकटण्याचे काम करणारे परजीवीचे प्रथिन २००० नंतरच्या काही वर्षांत ओळखले गेले. त्याला ‘व्हार-टू-सीएसए’ म्हणतात. एखाद्या स्त्रीला लहानपणापासून कितीही वेळा हिवताप येऊन गेलेला असला, तरी या प्रथिनाशी तिच्या शरीराची गाठ पहिल्या गर्भारपणातच पडते, कारण त्याआधी वार नसतेच. पहिलटकरणीवरचे संकट असे समजले. पोटात मूल आणि डोक्यावर पाटी घेऊन घाटात उभ्या असलेल्या बाईच्या नशिबी नेमके हे होते.

२४/
पटकीचे गणित वेगळे, पण नात्यातले. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की, मारतो तो जिवाणूने सोडलेला विषपदार्थ. १९७० च्या दशकात कळले की, तो विषपदार्थ आतड्याच्या पेशीवर ‘जीएम-१’ नावाच्या रेणूला पकडतो. हे प्रोटिओग्लायकॅन नव्हे. ही मेदाला लागलेली छोटी शर्करा. पण घर तेच: पेशीचा साखरेने मढलेला पृष्ठभाग. आणि या कुळातील रेणूही मज्जासंस्थेच्या घडणीला लागतातच.

२५/
येथे सगळ्या कथेची गाठ पडते. जी साखर गर्भाला घडवते, तीच रोगाला वाट दाखवते. हा योगायोग नव्हे. ज्या दाराशिवाय शरीराचे चालत नाही, ते दार शरीराला कधीच काढून टाकता येत नाही, आणि म्हणूनच परजीवीला ते भरवशाचे असते. डेंग्यूचा विषाणू पेशीवरील हेपॅरन सल्फेटला धरतो, हे १९९७ मध्ये कळले; नागीण उठवणाऱ्या हर्पिसच्या विषाणूबाबत ते त्याआधीच ठाऊक होते. करोनाच्या विषाणूलाही हाच आधार लागतो, हे २०२० मध्ये दिसले. दार एकच, पाहुणे अनेक.

२६/
दार बंद करता येत नसेल, तर दारापर्यंतची वाट अडवावी लागते. हिवतापाच्या इतिहासातील प्रत्येक यश वाट अडवण्याचेच आहे. १९४५-४६ मध्ये मुंबई इलाख्यातील कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरोघरी डीडीटी फवारणीचा मोठा प्रयोग केला आणि ताप ओसरला. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. माणसाच्या पेशी १८५६ मध्ये होत्या तशाच राहिल्या. बदलली ती घरे, पाणी, फवारे आणि औषधे.

२७/
आणि अखेरीस परजीवीच्या हातची किल्लीच धरण्याचा उपाय सापडला. ज्या सर्कमस्पोरोझॉइट प्रथिनाने परजीवी यकृत ओळखतो, त्याच प्रथिनावर हिवतापाच्या पहिल्या दोन लशी बेतलेल्या आहेत. पहिलीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. दुसरी, ‘आर-२१’, ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केली. तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली आणि जुलै २०२४ पासून आयव्हरी कोस्टमधील बालकांना ती दिली जाऊ लागली. ही लस तयार होते पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. बोरघाटाच्या माथ्यापासून रेल्वेने तासा-दीड तासाच्या अंतरावर.

२८/
लस फाल्सिपेरमवर आहे, ती आफ्रिकेतील बालकांसाठी आधी वापरली जात आहे आणि ती एकटी पुरेशी नाही. मच्छरदाणी, फवारणी आणि वेळेवर उपचार यांची जागा ती घेत नाही. तरी या लशीतून बोरघाटाची एक जुनी सबब कायमची निकालात निघते. रोग हवेत नव्हता, डोंगरात नव्हता आणि मजुरांच्या ‘दुबळ्या प्रकृतीत’ तर नव्हताच. सॉलोमन ट्रेडवेल यांच्या आणि घाटातल्या अनाम मजुराच्या पेशींवर तीच साखर होती. फरक होता तो कुणाला कुठले पाणी मिळाले, कोण कुठे झोपला आणि किती दिवस झोपला, एवढाच.

२९/
म्हणून २५,००० हा आकडा निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही. पेशीच्या दाराला कुणी जबाबदार नव्हते; त्या दारापर्यंत घाण पाणी आणि डास जाऊ देणाऱ्या छावण्या मात्र माणसांनीच उभारल्या होत्या. लंडनमध्ये पंपाचा दांडा निघाला, तसा घाटात एखादा ओहोळ पिण्यासाठी राखून ठेवता आला असता. त्यासाठी प्रोटिओग्लायकॅन ठाऊक असण्याची गरज नव्हती. मजुराचा जीव हिशेबात धरण्याची होती.

३०/
आजही लोणावळ्याहून उतरताना गाडी बोगद्यांच्या रांगेत शिरते. पलीकडे द्रुतगती मार्गावर वाहने धावतात, नवे पूल उभे राहतात आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात. पावसाळ्यात त्या खोल्यांभोवती पाणी साचते. त्यांच्या पोरांच्या पेशींवरही तीच साखर आहे, जिच्यावाचून ती जन्मलीच नसती. ते दार उघडेच राहणार आहे. १८५६ मध्ये वाट अडवणे ज्यांच्या हाती होते, त्यांनी ती अडवली नाही. प्रश्न तेवढाच उरतो, आणि तो इतिहासापुरता नाही.

(समाप्त)